हजरत उस्मान बिन अबुल आस (रजि.) : तायफचे तरुण इमाम आणि ठाण्याच्या मोहिमेचे सेनानी

अंगात कुठं दुखायला लागलं की आपल्या घरातली वडीलधारी माणसं दुखऱ्या जागेवर उजवा हात ठेवतात, तीन वेळा बिस्मिल्लाह म्हणतात आणि सात वेळा अल्लाहची पनाह मागणारी दुआ पढतात. मुलांना ही दुआ लहानपणीच पाठ होते. पण प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ती कुणाला शिकवली, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. ते सहाबी म्हणजे हजरत उस्मान बिन अबुल आस सकफी (रजि.). इस्लाम कबूल केल्यापासून अंगात एक दुखणं राहिलं होतं, त्याची तक्रार घेऊन ते प्रेषितांकडे गेले होते. सहीह मुस्लिममध्ये ही हकीकत त्यांच्याच नावानं आली आहे.

हेच उस्मान पुढे सेनापती झाले. आणि आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी, की अरबांची जी पहिली आरमारी मोहीम ठाण्याच्या किनाऱ्यापर्यंत आल्याचं इतिहासात नोंदलं गेलं, ती त्यांनीच पाठवली होती. हल्ली मोबाईलवर या मोहिमेचे दोन वेगवेगळे मेसेज फिरतात. एका मेसेजप्रमाणे इस्लाम महाराष्ट्रात आला तोच तलवार घेऊन, इ.स. 636 साली. दुसऱ्या मेसेजप्रमाणे सहाबींनी ठाणे जिंकलं होतं, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटायला हवा. वर्गातली मुलं दोन्ही मेसेज दाखवतात आणि विचारतात, सर, यातलं खरं कुठलं? दोन्ही खरे नाहीत. खरं काय ते समजून घ्यायचं तर आधी माणूस समजून घ्यावा लागतो.

एक खुलासा आधीच करतो. हे उस्मान म्हणजे तिसरे खलिफा हजरत उस्मान गनी (रजि.) नव्हेत. इजिप्त जिंकणारे हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्याशीही त्यांचं घराण्याचं नातं नाही. ते दोघे मक्केचे कुरैश, हे तायफच्या सकीफ टोळीचे.

तायफ म्हटलं की आपल्याला एकच प्रसंग आठवतो. हिजरतच्या आधी प्रेषित दीनची दावत घेऊन तिथं गेले, तेव्हा गावच्या सरदारांनी त्यांना हाकलून दिलं आणि टवाळ पोरं मागे लावून दगड मारायला लावले. पायांतून रक्त वाहिलं. तरीही त्या गावाचा नाश व्हावा असं त्यांनी मागितलं नाही. या लोकांच्या पुढच्या पिढ्यांतून एका अल्लाहची इबादत करणारे निघतील, अशी आशा त्यांनी ठेवली. उस्मान बिन अबुल आस हे त्याच गावच्या त्या पुढच्या पिढीतले.

पण ती पिढी सहजासहजी आली नाही. हिजरी 8 मध्ये हुनैनच्या लढाईनंतर मुसलमानांनी तायफला वेढा घातला, पण गावाच्या तटबंदीपुढे वेढा उठवावा लागला. सकीफचेच एक मोठे सरदार उर्वा बिन मसऊद (रजि.) इस्लाम कबूल करून गावात परतले, तर त्यांच्याच माणसांनी बाण मारून त्यांना शहीद केलं. मग मात्र टोळीला कळून चुकलं, की आजूबाजूचा सगळा मुलूख मुसलमान झालेला असताना आपण एकटे फार दिवस तग धरू शकणार नाही. हिजरी 9 च्या रमजानमध्ये, म्हणजे इ.स. 630 च्या अखेरीस, त्यांचं शिष्टमंडळ मदिनेला आलं. त्यात वयानं सगळ्यात लहान होते उस्मान.

मोठी मंडळी वाटाघाटी करायला आली होती. लात देवीची मूर्ती तीन वर्षं तरी राहू द्या. बरं, तीन नाही तर एक महिना. नमाजमधून सूट द्या. अशा एकेक अटी त्यांनी मांडल्या. यातलं काहीच मान्य झालं नाही. एवढंच मान्य झालं, की मूर्ती त्यांना स्वतःच्या हातानं तोडावी लागणार नाही. त्यांचा तंबू मशिदीच्या आवारातच टाकला होता, म्हणजे कुरआन कानावर पडावं आणि लोक नमाज कशी पढतात ते डोळ्यांनी दिसावं.

या सगळ्या बोलणीत उस्मानना कुणी विचारलंही नव्हतं. सामानसुमान आणि जनावरं राखायला त्यांना मागे ठेवलं होतं. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीला गेल्यावर घरातल्या सगळ्यात धाकट्याला गाडीपाशी बसवतात, तसंच. पण दुपारी मोठी माणसं तंबूत येऊन पडली, की हा तरुण गुपचूप उठून प्रेषितांकडे जायचा, दीनबद्दल विचारायचा आणि कुरआन शिकायचा. प्रेषित झोपलेले असले तर हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याकडे जायचा. आपल्या लोकांना त्यानं याचा पत्ता लागू दिला नाही. बोलणी संपेपर्यंत त्याच्या बऱ्याच सूरा पाठ झाल्या होत्या. हजरत अबू बक्र यांनी हे प्रेषितांच्या कानावर घातलं, की या मंडळींत दीन समजून घेण्याची सगळ्यात जास्त ओढ या पोराला आहे. शिष्टमंडळ परत निघालं तेव्हा तायफचा अमीर आणि इमाम म्हणून सामान राखणाऱ्या या उस्मानचीच नेमणूक झाली.

शिक्षक म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. टोळीत वयाला आणि घराण्याला केवढा मान! तिथं सरदारांना बाजूला ठेवून शिकण्याची हौस असलेल्याला पुढे केलं गेलं.

नेमणुकीच्या वेळी त्यांना ज्या सूचना मिळाल्या, त्या हदीसच्या किताबांत त्यांच्याच तोंडून आल्या आहेत. इमामत करताना मागे उभ्या असलेल्यांतला सगळ्यात अशक्त माणूस डोळ्यांपुढे ठेवावा, कारण जमातमध्ये म्हातारे असतात, आजारी असतात, कामाची घाई असलेलेही असतात. एकटा असशील तेव्हा हवी तेवढी लांब नमाज पढ. आणि मुअज्जिन असा नेमावा, जो अजानची मजुरी मागणार नाही. पहिली सूचना वाचताना मला चाकणच्या कंपन्यांत रात्रपाळी करून फज्रला येणारी माणसं दिसतात. डोळ्यांवर झोप, अंगावर कंपनीचा शर्ट, आणि काहींना तासाभरात पोराला शाळेत सोडायचं असतं. आपल्या भागातल्या इमाम साहेबांना ही हदीस माहीत असतेच, पण ती एका तरुण अमीरला त्याच्या पहिल्या नेमणुकीच्या वेळी सांगितली गेली होती, हे ध्यानात घेतलं की तिचं वजन आणखी वाढतं. सत्ता हातात देताना पहिली आठवण करून दिली गेली ती सगळ्यात अशक्त माणसाची.

हिजरी 11 मध्ये प्रेषितांचं निधन झालं आणि अरबस्तानातल्या कितीतरी टोळ्या फिरल्या. कुणी जकात नाकारली, कुणी खोट्या नबींच्या मागे गेले. सकीफमध्येही चुळबूळ सुरू झाली. दोनच वर्षांपूर्वी नाइलाजानं इस्लाममध्ये आलेली ही टोळी फिरली असती तर मक्केला धोका होता. तेव्हा उस्मान उभे राहिले आणि आपल्या लोकांना त्यांनी त्यांच्याच अभिमानाच्या भाषेत समजावलं. आपण सगळ्यांच्या शेवटी आलो, आता निदान सगळ्यांच्या आधी बाहेर पडणारे तरी होऊ नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तायफ फिरलं नाही. तिथं एक तलवारही उपसावी लागली नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या मोहिमांपेक्षा ही कामगिरी मोठी.

हजरत उमर (रजि.) खलिफा झाले तेव्हा त्यांना बहरैनसाठी भरवशाचा माणूस हवा होता. (बहरैन म्हणजे आजचं बेट नव्हे, त्या काळी अरबस्तानचा सगळा पूर्व किनारा या नावानं ओळखला जायचा.) लोकांनी उस्मान यांचं नाव सुचवलं. हजरत उमर अडले. प्रेषितांनी ज्याला तायफवर नेमलं त्याला मी काढणार नाही, अशी त्यांची भूमिका. मग तोड निघाली, की उस्मान यांनीच तायफला आपल्या पसंतीचा माणूस बसवावा आणि मग यावं, म्हणजे काढल्यासारखं होणार नाही. बदलीचा असा मान आम्हा शिक्षकांच्या वाट्याला कधी आला नाही, ते असो. हिजरी 15 मध्ये, म्हणजे इ.स. 636 च्या सुमारास, बहरैन आणि उमान त्यांच्या ताब्यात आले. धाकटे भाऊ हकम यांना त्यांनी बहरैनला पाठवलं आणि स्वतः उमानला गेले.

तायफ डोंगरावरचं गाव, द्राक्षांच्या आणि डाळिंबांच्या बागांचं. उमान म्हणजे समुद्रच. तिथल्या अज्द टोळीचे लोक आणि बहरैनकडचे अब्दुल कैस पिढ्यान् पिढ्या दर्यावर्दी. खिळे न मारता काथ्यानं शिवलेली त्यांची गलबतं मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला ये-जा करायची. ठाणे, सोपारा, कल्याण ही नावं तिथल्या खलाशांना आजच्या विमानतळांच्या नावांसारखी तोंडपाठ असणार. या बंदरांचा माल घाटावरून उतरायचा, आणि त्यातली एक जुनी वाट आपल्या जुन्नरच्या डोक्यावरच्या नाणेघाटातून जायची. खेडहून, म्हणजे आताच्या राजगुरुनगरहून, नाणेघाटला सहल नेणारे शिक्षक मुलांना जकातीचा तो दगडी रांजण आवर्जून दाखवतात. तो रांजण या मोहिमेच्याही कित्येक शतकं आधीचा. म्हणजे अरबी समुद्रावरचा हा व्यापार इस्लामपेक्षा खूप जुना आहे.

उमानमधून उस्मान यांनी ठाण्याकडे एक फौज रवाना केली. तेव्हा कोकण बदामीच्या चालुक्यांच्या, सम्राट दुसऱ्या पुलकेशीच्या अंमलाखाली होतं. पुलकेशी काही साधा राजा नव्हता. उत्तरेच्या हर्षवर्धनाला त्यानं रोखलं होतं, आणि कोकणातली पुरी त्यानं जहाजांचा ताफा घेऊन जिंकल्याचं ऐहोळेच्या इ.स. 634 च्या शिलालेखात कोरलेलं आहे. अशा राजाच्या किनाऱ्यावर उमानची गलबतं आली.

या मोहिमेची माहिती देणारा इतिहासकार बलाजुरी. त्याचा फुतूहुल बुल्दान हा ग्रंथ घटनेनंतर जवळपास अडीचशे वर्षांनी लिहिला गेला. तो चार-दोन ओळींत एवढंच सांगतो, की उस्मान यांनी ठाण्याकडे फौज पाठवली, ती परतली आणि मग त्यांनी खलिफांना पत्र लिहून कळवलं. ठाणे जिंकल्याचं त्यात नाही. तिथं कुणी अंमलदार बसवल्याचं नाही, कुणाला मुसलमान केल्याचं नाही. स्वतः उस्मान गलबतावर होते असंही नाही. त्यांचे भाऊ हकम भडोचकडे आणि दुसरे भाऊ मुगीरा सिंधमधल्या देबलकडे गेल्याची नोंद तो तिथंच करतो. मुगीरा यांची तिथं लढाई झाली आणि ते जिंकले, असं तो लिहितो, पण देबलही ताब्यात राहिलं नाही.

मात्र एका गोष्टीवर बलाजुरी थांबतो, आणि तीच खरी वाचण्यासारखी आहे. ती म्हणजे हजरत उमर यांचं उत्तर. मदिनेहून शाबासकी आली नाही, खरमरीत पत्र आलं. खलिफांनी लिहिलं, की तू लाकडाच्या फळीवर किडा बसवावा तशी माझी माणसं समुद्रात सोडलीस. आणि त्यापुढे कसम घेऊन बजावलं, की ती माणसं बुडाली असती तर तितकीच माणसं मी तुझ्या टोळीतून घेतली असती.

म्हणजे फौज सुखरूप परत आलेली आहे. तरीही खलिफा रागावले आहेत. का? कारण परवानगी न विचारता माणसांचे जीव पणाला लावले. मोहीम फसली असती तर उमानच्या ज्या अज्दी घरांतली पोरं गेली असती, त्यांचा हिशेब सकीफच्या, म्हणजे सेनापतीच्या स्वतःच्या घरांतून चुकता करायचा होता. दुसऱ्यांच्या पोरांच्या जिवावर नाव कमावू नकोस, असा त्याचा सरळ अर्थ.

समुद्राबद्दल हजरत उमर यांना जी धास्ती होती, ती पुढच्या घटनांनी खोटी ठरवली नाही. एकदा बहरैनहून अला बिन हजरमी (रजि.) परवानगीशिवाय समुद्र ओलांडून इराणच्या फारस प्रांतात फौज घेऊन उतरवून बसले. फौज इस्तखरच्या बाजूला अडकली, परतीची वाट तुटली, आणि तिला सोडवायला बसऱ्याहून दुसरी फौज पाठवावी लागली. अला यांच्यासारख्या मोठ्या सहाबींनाही त्यासाठी पद सोडावं लागलं. शामहून मुआविया (रजि.) सायप्रसवर आरमार न्यायची परवानगी मागत राहिले, ती हजरत उमर यांनी शेवटपर्यंत दिली नाही. ती मिळाली पुढे हजरत उस्मान गनी यांच्या काळात, हिजरी 28 मध्ये.

ठाण्याकडे पुन्हा मोहीम गेली नाही. सिंधमध्ये मुहम्मद बिन कासिम उतरले ते इ.स. 711 च्या सुमारास, पंचाहत्तर वर्षांनी, वेगळ्या राजवटीत. तेही सकीफ टोळीचेच होते, म्हणून काही जण दोन्ही घटना एकत्र करतात. ते चूक आहे.

मग कोकणात मुसलमान आले कसे? व्यापारी म्हणून, स्थानिक राजांच्या राज्यात. प्रवासी मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, चौलला आला होता. तिथं शिलाहार राजा झंझ याचं राज्य होतं, आणि दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. कुणी बाहेरून आलेले, कुणी इथंच जन्मलेले. त्यांच्यातलाच एक मुखिया त्यांचे निवाडे करायचा, आणि त्याची नेमणूक राजा करायचा. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळालेला इ.स. 926 चा राष्ट्रकूट ताम्रपट तर आणखी नवलाचा. संजाणच्या भागावर राष्ट्रकूटांनी नेमलेला एक अरब अधिकारी होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं, जे मुहम्मदचं संस्कृत रूप मानतात. त्यानं लोकांसाठी फुकट तर आणि अन्नछत्र चालवलं होतं. त्याच्याच संमतीनं तिथल्या देवीच्या मठाला दान दिल्याचं या ताम्रपटात लिहिलेलं आहे. मुलांना सांगायचंच झालं तर हे सांगावं. आपले कोकणी भाऊ या इतिहासातून आलेत, 636 च्या त्या फौजेतून नव्हे.

आता पुन्हा उस्मान यांच्याकडे. एवढं खरमरीत पत्र आल्यावर एखादा सेनापती रुसला असता किंवा घाबरून गप्प बसला असता. त्यांनी दोन्ही केलं नाही. पुढे खलिफांच्या हुकमानंच फारसची मोहीम निघाली, तेव्हा इस्तखरचा झेंडा त्यांच्याच हाती दिला गेला. ज्याला ठपका दिला त्याच्यावरच पुन्हा भरवसा टाकणं हे हजरत उमर यांचं वैशिष्ट्य, आणि तो भरवसा उचलणं हे उस्मान यांचं. या वेळी पाणी ओलांडायचं होतं ते आखातापुरतं. अज्द आणि अब्दुल कैसच्या त्याच दर्यावर्दी लोकांना घेऊन वाटेतलं बेट घेतलं, मग फारसच्या भूमीवर तव्वज हे ठाणं. तिथं त्यांनी मशीद बांधली, माणसं वसवली, आणि घाई न करता आतल्या मुलखाकडे सरकले. इराणच्या बादशहाचा फारसवरचा मरजबान शहरक रीशहरच्या लढाईत मारला गेला. बुशहर शहराजवळची ही जागा. बसऱ्याकडून हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांची फौज येऊन मिळाली आणि एकेक शहर कुठं लढून, कुठं तह करून ताब्यात आलं. या लढायांचे तपशील किताबांत भरपूर आहेत, तारखांचा घोळही भरपूर आहे. इथं त्यात शिरत नाही.

खलिफा हजरत उस्मान गनी यांच्या काळात फारसची सूत्रं तरुण अब्दुल्लाह बिन आमिर यांच्याकडे गेली आणि आपले उस्मान मोकळे झाले. ते बसऱ्याला राहिले. तिथं त्यांना खलिफांकडून मोठी जमीन मिळाली. ती शत्ते उस्मान नावानं ओळखली जाऊ लागली. लोक त्यांच्याकडे हदीस ऐकायला येत. बसऱ्याचे थोर आलिम हसन बसरी त्यांच्याकडून शिकले, आणि त्यांच्याहून चांगला माणूस आपण पाहिला नाही असं म्हणायचे. नमाजमध्ये मन भरकटवणाऱ्या शैतानापासून बचाव कसा करायचा, तेही उस्मान यांनीच प्रेषितांना विचारलं होतं. पाठ केलेलं चुकतं, रकातींचा गोंधळ होतो, अशी तक्रार घेऊन एक अमीर जातो, आणि तीही स्वतःची, हे वाचताना माणूस आपल्यातलाच वाटतो.

जमिनीतला काही भाग त्यांनी भावांना वाटून दिला. आपल्याकडे मळ्यांना घराण्यांची नावं पडतात, तशी बसऱ्याच्या त्या तुकड्यांना भावांची नावं पडली : हफ्स यांची हफ्सान, उमय्या यांची उमय्यान, हकम यांची हकमान, मुगीरा यांची मुगीरतान. भडोचला आणि देबलला गलबतं घेऊन गेलेले हकम आणि मुगीरा ते हेच. हजरत मुआविया यांच्या खिलाफतीत उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांचं बसऱ्यातच निधन झालं.